दमट हवेत डेडलिफ्ट वाढवताना

रत्नागिरी-मालवणकडच्या दमट हवेत डेडलिफ्ट (वजनाचा बार जमिनीवरून उचलून उभं राहण्याचा व्यायाम) अडते ती बऱ्याचदा पाठीमुळे नाही, पकडीमुळे. घामेजलेल्या तळव्यातून बार बोटांकडे सरकतो आणि गुडघ्यापाशी सुटतो. म्हणून आधी हात कोरडे पुसा, मगच चॉक (पकडीसाठी हाताला लावायची पांढरी पूड) लावा. ओल्या हातावर त्याचा नुसता चिखल होतो. खाऱ्या हवेने बारच्या खरखरीत भागात गंज धरतो. तो ब्रशने घासून काढा, तेलाचा पुसट हात फिरवा आणि जादा तेल लगेच टिपून घ्या.

नवशिक्यांनी ५ रेप्सचे (म्हणजे सलग ५ वेळा उचलण्याचे) ३ सेट मारावेत, आठवड्याला २.५ ते ५ किलो वाढवावेत. दोन सेटमध्ये ३ ते ५ मिनिटं थांबाच. घाई इथेच नडते. कंबर गोल व्हायला लागली की सेट संपला. लागोपाठ दोनदा अडलात तर १० टक्के वजन उतरवून पुन्हा चढा. ताटात बांगडा, कुळथाची पिठी हवीच: शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं.