टाच दुखते? पलंगावरून उतरण्याआधी हे करा
सकाळी पहिलंच पाऊल टेकवलं की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते ना?

१. उठून पाय लांब करून बसा. पंचा चवड्याला अडकवून दोन्ही टोकं स्वतःकडे ओढा, गुडघा सरळ. ३० सेकंद, तीनदा.
२. मऊ चपला पलंगाशीच ठेवा. लादीवर अनवाणी उतरायचं नाही. (सासूबाईंना ‘घरातला जोड वेगळा’ असं दाखवल्यावर आमच्याकडचा वाद मिटला.)
३. संध्याकाळी फ्रीजरमधली पाण्याची बाटली रुमालात गुंडाळून तळव्याखाली १० मिनिटं फिरवा. बाटली पाऊणच भरा, नाहीतर तडकते.

एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं तरी धसका नको. बहुतेकदा दुखतो तो तळव्याचा पट्टा (टाचेपासून बोटांकडे जाणारा, कातडीखालचा). मधुमेहाने पाय बधिर असतील तर मात्र बर्फाची बाटली अजिबात नको.