पंटर व्हायचंय? आधी गुडघा टेकून चेंडू धरायला शिका

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये संघ ३२, आणि प्रत्येकाच्या ५३ जणांच्या रोस्टरमध्ये (खेळाडूंच्या यादीत) पंटर, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू लाथाडून प्रतिस्पर्ध्याकडे लांब पाठवणारा, साधारण एकच. म्हणजे जागा जवळजवळ ३२, आणि त्यातल्या बहुतेक वर्षानुवर्षं भरलेल्या. जेफ फीगल्स १९८८ ते २००९ असे २२ हंगाम खेळला. अशी माणसं जागा सोडत नाहीत. पण याच फीगल्सला ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत) कुणीही घेतलं नव्हतं, हेही लक्षात ठेवा. मी न्यू जर्सीतल्या मराठी घरातला, शाळेत सॉकर खेळणारा मुलगा. फीगल्सचं नाव घेऊनच मी घरी हट्ट केला होता.

कॉलेजात चार वर्षं पंट मारले, मग एका संघाच्या रूकी मिनीकॅम्पला (नवख्यांच्या सराव शिबिराला) ट्रायआउटसाठी, म्हणजे चाचणीसाठी, बोलावणं आलं. तीन दिवसांत परत आलो. पंट चांगले झाले होते, घात होल्डिंगने केला, म्हणजे गोलपोस्टकडे चेंडू मारणाऱ्या किकरसाठी तो जमिनीवर टेकवून धरण्याने.

पंटची तयारी कशी करायची ते बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात सांगतो. ४५ यार्डांच्या पंटला साडेचार सेकंदांचा हँग टाइम (चेंडू हवेत राहण्याचा वेळ) हवा. कॉलेजात स्नॅप होताच, म्हणजे चेंडू पायांमधून मागे फेकला जाताच, सगळे धावत सुटू शकतात. एनएफएलमध्ये चेंडूला पाय लागेपर्यंत फक्त कडेच्या दोघांना पुढे जाता येतं, त्यामुळे बाकीच्यांना पोहोचायला वेळ तुमच्या पंटनेच द्यायचा असतो. कॉलेजात बाजूला धावत मारलेला रग्बी पंट खपतो, एनएफएलमध्ये तो फारसा चालत नाही. आणि ६० यार्डांचा पंट एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) गेला तर चेंडू २० यार्डांवर येतो, नेट, म्हणजे निव्वळ अंतर, उरतं ४०. लांबीच्या मागे लागू नका. बस्स.

आता होल्डिंग. कॉलेजात आमचा होल्डर राखीव क्वार्टरबॅक (चेंडू पास करणारा खेळाडू) होता. कोच म्हणाले, "तू पंटवर लक्ष दे." मला बरंच वाटलं, एक काम कमी झालं. चार वर्षं मी एकाही खऱ्या किकसाठी चेंडू धरला नाही आणि कुणी मला टोकलंही नाही. मिनीकॅम्पच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोचनी विचारलं, "होल्ड करतोस ना?" मी हो म्हणालो. आठ स्नॅप झाले. तीनदा लेस (चेंडूवरची शिवण) किकरच्या बाजूला राहिल्या, एकदा चेंडू बोटांतून निसटला. किकर मला एक शब्द बोलला नाही, त्याने फक्त कोचकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते.

एनएफएलमध्ये आज फिल्ड गोलचा (गोलपोस्टमधून मारायच्या किकचा) होल्डर जवळजवळ सगळीकडे पंटरच असतो. क्वार्टरबॅकचा दिवस बैठकांमध्ये जातो, तर पंटर, किकर आणि लाँग स्नॅपर (पायांमधून मागे लांब चेंडू फेकणारा) दिवसभर एकत्र असतात. ६ जानेवारी २००७ ला डॅलसच्या टोनी रोमोच्या हातून १९ यार्डांच्या किकचा चेंडू निसटला आणि सिअॅटलविरुद्धचा सामना २१-२० ने गेला. तो संघाचा मुख्य क्वार्टरबॅक होता, म्हणजे हात कसलेले होते. तरी असं होतं.

काम किती बारीक आहे बघा. स्नॅपर सात-आठ यार्डांवरून चेंडू सोडतो. तिथपासून किकरचा पाय लागेपर्यंत साधारण १.३ सेकंद. तेवढ्यात चेंडू झेलायचा, ठरलेल्या बिंदूवर टेकवायचा, लेस गोलपोस्टकडे फिरवायच्या, किकरला हवा तेवढा कलता ठेवायचा आणि वर एक बोट ठेवून स्थिर राहायचं. लेसवर पाय पडला की चेंडू भरकटू शकतो. १० जानेवारी २०१६ ला मिनेसोटाच्या ब्लेअर वॉल्शची २७ यार्डांची किक डावीकडे गेली आणि संघ १०-९ ने हरला. होल्डर त्यांचा पंटर होता, आणि लेस किकरकडे होत्या. वॉल्शने दोष स्वतःवर घेतला, ही त्याची सभ्यता. पण ते दृश्य प्रत्येक कोचच्या डोक्यात आहे, आणि नवा पंटर समोर आला की ते आठवतं.

चांगला स्नॅपर चेंडूचे फेरे ठरवून टाकतो, त्यामुळे हातात येतानाच लेस जागेवर असतात. हे मला मिनीकॅम्पनंतर कळलं. म्हणून माझं ठाम मत आहे: खासगी पंटिंग कोच शोधण्याआधी एका लाँग स्नॅपरशी मैत्री करा. तो तुम्हाला जे शिकवेल ते कुठल्याही महागड्या कॅम्पमध्ये मिळणार नाही. पैसे घेऊन खेळाडूंना तारे (गुणांकन) वाटणाऱ्या कॅम्पांनी मला पंटर म्हणून वर चढवलं, पण होल्ड करतोस का हे एकदाही विचारलं नाही. असं विचारणारा माणूसच मी गुरू मानतो.

ऑस्ट्रेलियाची मुलं बघून खचू नका. मेलबर्नच्या प्रोकिक या पंटर घडवणाऱ्या संस्थेतून आलेला मायकल डिक्सन २०१८ ला ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत सिअॅटलला गेला आणि पहिल्याच वर्षी प्रो बोलला (निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्याला) पोहोचला. ती मुलं लहानपणापासून हातातून चेंडू सोडून लाथाडतात, त्यांचा ड्रॉप तुम्हाला दोन महिन्यांत येणार नाही. पण अमेरिकन फुटबॉलमधलं होल्डिंग त्यांनाही इथलंच म्हणून नव्याने शिकावं लागतं. तिथे तुम्ही बरोबरीत आहात.

पैशाचंही स्पष्ट सांगतो, कारण घरचे विचारतातच. २०२४ मध्ये नवख्याचा किमान वार्षिक पगार ७ लाख ९५ हजार डॉलर होता, पण तो पूर्ण हंगाम रोस्टरवर राहिलात तर. ट्रायआउटच्या तीन दिवसांत त्यातलं काही मिळत नाही. हातात दुसरी नोकरी ठेवा, मी ठेवली आहे.

परत आल्यावर मी वर्षभर गॅरेजमध्ये जुन्या सतरंजीवर गुडघा टेकून रोज १०० होल्ड केले. धाकटी बहीण कॉलेजहून यायची आणि वाकून, पायांमधून चेंडू फेकायची. तिची मनगटं दुखायची, तरी ती थांबली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका संघाने हंगामात मंगळवारी ट्रायआउटला बोलावलं. तीस होल्ड, एकही चूक नाही. जागा दुसऱ्या पंटरला मिळाली, त्याचे पंट माझ्याहून उंच होते. पण त्या संघाच्या किकरने जाताना थांबून हात मिळवला आणि विचारलं, "तू कुठे शिकलास?"

मी म्हणालो, "बहिणीकडे."