रोमन नाण्याचे साल कसे ओळखावे?

रोमन नाण्यावर साल छापलेले नसते, तरी बऱ्याचदा ते काढता येते. सरावासाठी सम्राट त्रायानचा चांदीचा दिनारियस उत्तम. हाताशी नसेल तर एखाद्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचा मोठा फोटोही चालेल.

१. अस्सल नाणे असेल तर कडेने धरा. चिंच, लिंबू लावून चकचकीत करायचा मोह टाळा. मग वजन करा, ते सव्वातीन ग्रॅमच्या आसपास भरेल. पहिला सम्राट ऑगस्टसच्या काळात दिनारियस याहून जड होता, नंतरच्या सम्राट नीरोने इ.स. ६४ मध्ये वजनही घटवले आणि चांदीतली भेसळही वाढवली. भारतात सापडणारे बहुतेक दिनारियस त्याआधीचे आहेत, यात नवल नाही.

२. आता सम्राटाचा चेहरा असलेली बाजू. डाव्या हाताला खालून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाचा. शब्दांत अंतर नसते आणि 'यू'च्या जागी 'व्ही' असतो, त्यामुळे पहिल्यांदा सगळे गिचमिड दिसते. तोडत जा: 'आयएमपी' म्हणजे इम्पेरातोर (सेनापती-सम्राट), 'एव्हीजी' ऑगस्टस (इथे सम्राटाची पदवी), 'जीईआर' जर्मनांचा विजेता, 'पीएम' मुख्य पुरोहित. आपल्या कामाचा तुकडा 'डीएसी'. डेशिया, म्हणजे आजच्या रोमानियाकडचा प्रदेश, जिंकल्याबद्दल त्रायानला हा किताब इ.स. १०२ मध्ये मिळाला. तो असेल तर नाणे त्याआधीचे नाही.

३. नाणे उलटताना पुस्तकाच्या पानासारखे नको, वरची कड खाली आणा. रोमन ठसे बहुधा तसे जुळवलेले असतात. मागच्या बाजूला 'सीओएस' आणि त्याला लागून 'व्ही' (इथे रोमन आकडा पाच) दिसला तर पाचव्यांदा कॉन्सल (रोममधले वर्षभराचे सर्वोच्च पद), म्हणजे इ.स. १०३. सहावे कॉन्सलपद ११२ मध्ये. झाले, नाणे १०३ ते १११ मधले!

४. मागच्या बाजूची राहिलेली अक्षरे सांगतात: सिनेट आणि रोमच्या जनतेकडून सर्वोत्तम राजपुरुषास. टांकसाळ सम्राटाची, कौतुकही सम्राटाचेच, फक्त नाव जनतेचे. आजच्या सरकारी जाहिराती काय वेगळे करतात?

५. चित्र शेवटी बघा. काही ठशांत शस्त्रांच्या ढिगावर बसलेला, शोकमग्न डेशियन दिसतो. जेमतेम १८-१९ मिलिमीटरच्या चकतीवर कारागिराने खांद्यांचा बाक आणि ढालींची चळत दोन्ही नेमके पकडले आहेत. त्या वेळी साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार ३०० दिनारियस होता. डेशियात लढलेल्याच्या हातात त्याच विजयाची जाहिरात पडत असे.

हे जमले की सम्राट व्हेस्पासियनचे ज्यूडिया (आजच्या इस्रायलकडचा प्रदेश) जिंकल्याचे नाणे घ्या: खजुराचे झाड, खाली रडणारी स्त्री. तिथेही कॉन्सलपदाचा आकडा आधी शोधा.