पांढऱ्या-हिरव्या रबर प्लांटच्या पानांवर डाग? या चुका टाळा

व्हेरिगेटेड रबर प्लांटच्या (नर्सरीत ‘टिनेके’ किंवा ‘रुबी’ नावाने मिळतो) पानावर डाग दिसला की बहुतेकांचा हात आधी पाण्याकडे जातो. थांबा. डाग पानावर नेमका कुठे आहे आणि हाताला कसा लागतो, ते आधी बघा.

डाग फक्त पांढऱ्या भागात, कोरडा, कागदासारखा कुरकुरीत आणि खिडकीकडच्याच पानांवर असेल, तर पान उन्हाने भाजलंय. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तो हिरव्या भागाच्या आधी करपतो. पश्चिमेच्या खिडकीतलं दुपारचं ऊन याला सोसत नाही. पण म्हणून झाड उचलून अंधाऱ्या कोपऱ्यात नेणं ही दुसरी चूक: खोड लांबुडकं होतं, पांढरा रंग घटतो, खालची पानं गळतात. पूर्वेची खिडकी उत्तम. नाहीतर काचेपासून तीन-चार फूट आत, पातळ पडद्यामागे ठेवा.

डाग काळपट, मऊ, भोवती पिवळी कड आणि गळती खालच्या पानांपासून सुरू, तर पाणी जास्त झालंय. यात फसगत होते ती अशी: मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, पानं लोंबतात, आपल्याला वाटतं झाड तहानलंय आणि आपण आणखी पाणी ओततो. माती ओली असूनही पानं लोंबत असतील तर झाड कुंडीतून काढाच. चांगली मुळं घट्ट असतात. कुजलेली गडद, लिबलिबीत, ओढली की साल हातात येते. ती स्वच्छ कात्रीने कापा. नव्या मिश्रणात 4 भाग माती, 3 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 2 भाग पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे), 1 भाग गांडूळखत. मुळं कमी झालीत, तेव्हा कुंडी मोठी घेऊ नका. महिनाभर दुसरं खत नको.

‘दर रविवारी पाणी’ हा नियम सोडा, विशेषतः जून ते सप्टेंबर. बोट 5 सेंमी खुपसा; कोरडं लागलं तरच भोकातून निथळेपर्यंत पाणी घाला आणि अर्ध्या तासाने ताटली रिकामी करा.

नवं पान गुलाबी-लाल वेष्टणात गुंडाळलेलं असतं. ते सोलायचा मोह आवरा. आतलं पान ओल्या कागदाइतकं नाजूक असतं, नखाचा ओरखडाही पुढे तपकिरी रेघ होऊन राहतो.

पानाखाली बारीक जाळी दिसली तर कोळी (रस शोषणारी अगदी बारीक कीड), कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण ही कीड. 1 लिटर कोमट पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 1-2 मिली सौम्य लिक्विड सोप, संध्याकाळी, पानाच्या खालूनही फवारा. आधी एका पानावर करून दोन दिवस वाट बघा. पांढरा भाग यानेही करपू शकतो. आठवड्याने पुन्हा, असं तीन वेळा. पानं चमकवायला खोबरेल लावू नका, ओलं फडकं पुरे.

करपलेला भाग पुन्हा हिरवा-पांढरा होत नाही. उपाय लागू पडला का, हे नव्या पानावरून ठरवा. डाग छाटताना तपकिरी भागाची बारीक कड तशीच ठेवा, जिवंत पानात कात्री घालू नका. चीक आलाच तर ओल्या कापसाने टिपा. तो त्वचेला झोंबतो आणि मांजर-कुत्र्याने पान चावलं तर त्रास होतो.