ठाण्यातील आई-वडिलांना कॅनडात बोलावताना

कॅनडाचे पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना) हाती येताच आई-वडिलांना कायमचे नेण्याचा विचार मनात येतो. परंतु पालकांना कायमचे नेण्याच्या कॅनडा सरकारच्या योजनेत निवड सोडतीने होत असल्याने तिच्या भरवशावर न राहता आधी सुपर व्हिसाचा (पालकांच्या दीर्घ भेटीसाठीच्या व्हिसाचा) मार्ग धरावा, असे माझे मत आहे. या व्हिसावर एका प्रवेशात 5 वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलाचे वा मुलीचे निमंत्रणपत्र, येणारे पालक धरून कुटुंबसंख्येनुसार ठरलेले किमान उत्पन्न, किमान 1,00,000 कॅनेडियन डॉलरचा वर्षभराचा आरोग्यविमा आणि कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरांकडूनच केलेली वैद्यकीय तपासणी लागते. अर्ज पालक कॅनडाबाहेर असतानाच करावा.

खरी अडचण नावांची असते. ठाणे महानगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर आईचे एक नाव, पासपोर्टवर दुसरे आणि विवाहापूर्वीच्या कागदांवर तिसरेच (आपल्याकडे सासरी नाव बदलण्याची रीत होतीच), अशा वेळी नाते सिद्ध करण्यासाठी विवाह नोंदणी दाखला व प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे. मराठीतील प्रत्येक दाखल्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर मूळ कागदाच्या प्रतीसह जोडावे. पासपोर्टची मुदत संपत आली असल्यास नूतनीकरण सर्वांत आधी उरकावे, कारण व्हिसाची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही.