निबंधाचा शेवट कसा लिहावा

दहावीच्या सराव पेपरांचा गठ्ठा पुढ्यात आला की मी निबंधाचा शेवटचा परिच्छेद आधी वाचते. मूल विषयाचा विचार करत होतं की नुसत्या ओळी भरत होतं, हे तिथं लगेच कळतं. सांगलीत इतकी वर्षं मराठी शिकवतेय, पण सुरुवातीपेक्षा शेवटावरच जास्त वेळ द्यावा लागतो. सुरुवात पोरं घरून पाठ करून येतात. शेवट लिहायची वेळ येते ती घंटा व्हायला आली असताना, आणि मग ‘अशा प्रकारे’, ‘थोडक्यात सांगायचे झाले तर’, ‘म्हणून आपण सर्वांनी’ हे ठरलेले शब्द धावून येतात.

शेवटात निबंध पुन्हा सांगू नका. शंभर-सव्वाशे शब्दांत लिहिलेलं वाचणारा इतक्यात विसरत नाही. मधल्या परिच्छेदांत जे दाखवलंत, त्यावरून तुम्हाला काय उमगलं, ते शेवटात लिहा.

आठवीतल्या एका मुलीनं ‘कृष्णेचा महापूर’ हा निबंध आणला होता. घर सांगलीच्या नदीकाठच्या गावभागात, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखतचं. सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, हे तिनं नेमकं लिहिलं होतं. आजोबा उठल्या उठल्या ‘आयर्विनला किती फूट?’ म्हणून विचारायचे, तेही होतं. देव माळ्यावर नेले, आजीला बोटीतून बाहेर काढलं, सगळं सुरेख उतरलं होतं. आणि शेवट असा: ‘अशा प्रकारे महापुरामुळे खूप नुकसान होते. म्हणून आपण सर्वांनी निसर्गाचे रक्षण केले पाहिजे.’

मी विचारलं, “ही दोन वाक्यं भूकंपाच्या निबंधाखाली चालतील का?”

“चालतील, बाई.”

“आणि वणव्याच्या?”

“तिथंही चालतील.”

तुमचा शेवट असाच दुसऱ्या विषयाखाली ठेवून बघा. तिथं तो बिनबोभाट बसला, तर तो तुमच्या निबंधाचा नाही. खोडा.

मग तिला म्हटलं, निबंध बाजूला ठेव आणि त्या पुरातून तुला काय कळलं ते बोलून दाखव. ती म्हणाली, “बाई, आयर्विनचा आकडा सगळ्यांना माहीत होता. पण किती फुटाला आमच्या गल्लीत पाणी येतं, ते फक्त आजोबांना माहीत होतं.” झाला की शेवट! तिनं लिहिलं: ‘आयर्विनचा आकडा आता मोबाईलवर मिळतो. किती फुटाला आमच्या गल्लीत पाणी शिरते, हे मात्र फक्त आजोबांना ठाऊक होते. तो आकडा आमच्या गल्लीच्या तोंडावर रंगवून ठेवायला हवा.’

यात नवीन माणूस किंवा नवा मुद्दा घुसवलेला नाही. आजोबा वर येऊन गेलेच होते. मागणीही एका गल्लीपुरती आहे, म्हणून ती पटते. एका घराचा अनुभव सांगून अख्ख्या मानवजातीला उपदेश केला की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

आत्मकथनाचा शेवट तर हमखास बिघडतो. ‘मी आयर्विन पूल बोलतोय’ असा विषय दिला, की १९२९ साली पूल खुला झाल्यापासून सगळं रंगवून सांगतात आणि शेवटी लिहितात, ‘एवढ्यात आवाज थांबला आणि मी भानावर आलो.’ ज्याची कहाणी ऐकायला आपण थांबलो, त्यालाच ऐन वेळी गप्प केलंत! पुलाला शेवटपर्यंत बोलू द्या. त्याला एकट्यालाच वाटेल अशी एखादी इच्छा किंवा भीती शोधा. ‘माझ्या अंगावर फूट मोजायच्या खुणा आहेत. चाळिसाच्या वरच्या खुणा कोरड्या राहाव्यात, एवढेच मागणे.’ इतकं पुरे.

प्रसंगलेखनात प्रसंग संपला की थांबा. त्यातून काय शिकलात ते वेगळं सांगायची गरज नसते.

वैचारिक निबंधात मात्र बाजू घ्यावी लागते. ‘मोबाईल: शाप की वरदान’ या विषयावर ‘योग्य वापर केला तर वरदान, नाहीतर शाप’ हा शेवट मी खोडून परत देते, कारण त्यात लिहिणाऱ्याचं मत कुठंच नाही. कुणाला वरदान, कधी, कशासाठी, ते सांगा. तासगावच्या बेदाणा सौद्यातला भाव घरबसल्या समजणाऱ्या बागायतदाराबद्दल मध्ये लिहिलं असेल, तर शेवटचं मतही त्याच्यावरून काढा.

सुविचार, अभंगाच्या ओळी, थोरांची वचनं शेवटी नकोत. तिथं वाचणारा तुमचं ऐकायला थांबलेला असतो. एखादी ओळ फारच आवडली असेल तर ती मध्ये घ्या आणि तिच्याबद्दल दोन शब्द बोला.

आता प्रत्यक्ष लिहायचं कसं? विषय निवडला की आधी कच्च्या जागेत एका वाक्यात उत्तर लिहून ठेवा: मला यातून काय म्हणायचंय? मधले मुद्दे लिहिताना मत बदललं तर ते वाक्यही बदला. शेवटाला पोचल्यावर शीर्षक आणि पहिला परिच्छेद पुन्हा वाचा, मग तीन-चार वाक्यं लिहा. स्पर्धेचा हजारेक शब्दांचा निबंध असेल तर एक भरीव परिच्छेद. घरी सराव करताना शेवटातलं पहिलं वाक्य झाकून बघा; बहुतेक वेळा ते नसलं तरी काही बिघडत नाही. शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचा. वाचताना दम लागला तर त्याची दोन वाक्यं करा.

आणि पेपरात वेळच उरला नाही, तर अर्धवट मुद्दा एका वाक्यात आटपा आणि कच्च्या जागेतलं ते वाक्य जसंच्या तसं खाली उतरवा. हात ‘म्हणून आपण सर्वांनी’ लिहायला जाईल. त्याआधीच पूर्णविराम द्या आणि उरलेल्या मिनिटात ऱ्हस्व-दीर्घ तपासा.