ख्रिस्ती जीवनातील आत्मिक वाढ : या चुका टाळा

पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) आटोपला की नाशिकच्या शरणपूर रस्त्याजवळच्या आमच्या अभ्यासवर्गात दरवर्षी काही नवे चेहरे दिसू लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत त्यांच्यापैकी कोणी तरी हमखास विचारते, "बाई, मी आता कोणत्या पायरीवर आहे?" त्यापाठोपाठ येणारा प्रश्न मला अधिक खटकतो : "पुढच्या पायरीवर जायला साधारण किती दिवस लागतात?" विचारणाऱ्याला फारसा दोष देता येत नाही, कारण आत्मिक प्रौढता ठरावीक दिवसांत मिळवून देणारे व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ येऊन पडत असतात. तरीही त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहून आता कंटाळा आला आहे, म्हणून त्या एकदाच लिहून काढते. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळ्यांनी होणारे नुकसान सारखे नसते.

पायरीला दर्जा समजणे

बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मुले, तरुण आणि वडील अशा तीन अवस्थांतील विश्वासणाऱ्यांना उद्देशून लिहिलेले आहे. मुलांना तो सांगतो की त्यांच्या पापांची क्षमा झाली आहे आणि त्यांना पित्याची ओळख पटली आहे. तरुणांना सांगतो की ते बलवान आहेत, देवाचे वचन त्यांच्यात राहते आणि त्यांनी त्या दुष्टाला जिंकले आहे. वडिलांना सांगतो की जो प्रारंभापासून आहे त्याला ते ओळखतात. तिघांपैकी कोणालाही तो "लवकर पुढे सरका" असे म्हणत नाही. दटावणी आहे ती इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, आणि तीही दूध, म्हणजे विश्वासाचे प्राथमिक शिक्षण, पिण्याबद्दल नसून, जड अन्न पचायला हवे होते इतका काळ लोटल्यावरही दुधावरच राहण्याबद्दल आहे. नव्याने जन्मलेल्या बालकांप्रमाणे दुधाची ओढ धरा, असे तर पेत्रच सांगतो.

तेव्हा आपली पायरी कोणती याची चौकशी करायचीच असेल तर ती आज माझ्या वाट्याला कोणते अन्न आणि कोणते काम आहे, एवढे कळण्यापुरतीच करावी. आविलाच्या संत तेरेसा यांनी १५७७ मध्ये आत्म्याचे वर्णन सात दालनांचा किल्ला असे केले, तेव्हाही कितीही आत पोहोचलेल्या माणसाला आत्मपरीक्षणाचे दालन कायमचे सोडून जाता येत नाही, हे त्यांनी बजावून ठेवले होते. दुसऱ्याची पायरी मोजण्याचा उद्योग तर पूर्णपणे वर्ज्य करावा. आमच्या वर्गात सुनांच्या पायऱ्या मोजणाऱ्या सासवा आहेत, आणि त्यांच्या मोजणीत सून आजवर एकदाही वर चढलेली नाही.

नव्या विश्वासणाऱ्याच्या हाती लगेच माइक देणे

ही चूक नवशिक्यांची कमी आणि मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, जुन्या, उत्साही लोकांची जास्त आहे. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त माणसे हिनेच गमावली आहेत.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक तरुण काही वर्षांपूर्वी दारू सोडून प्रभूकडे आला. त्याचा पश्चात्ताप खरा होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. बाप्तिस्मा झाल्यावर काही आठवड्यांतच त्याला एका घरसभेत साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने आपले जीवन कसे बदलले ते सांगायला, बोलावले गेले. ती साक्ष लोकांना इतकी आवडली की देवळाली कॅम्पपासून सिन्नरपर्यंत त्याची बोलावणी सुरू झाली, आणि एका उपासप्रार्थनेच्या फलकावर त्याचा फोटोही छापला गेला. मी त्याची साक्ष अनेकदा ऐकली आहे. पहिल्या साक्षीत तो पगाराच्या दिवशी पीत असे. पावसाळा संपेपर्यंत साक्षीतला तो रोज पिऊ लागला होता. नाताळच्या सुमाराला त्याच्या साक्षीत विकलेले मंगळसूत्र आणि रेल्वेच्या रुळावर काढलेली रात्र यांची भर पडली. मंगळसूत्र विकले गेलेले नव्हते, ते त्याच्या बायकोच्या गळ्यात होते आणि ती माझ्या शेजारच्या बाकावर खाली मान घालून बसलेली होती. त्याला खोटे बोलायचे होते असे मला वाटत नाही. समोरचे लोक दर वेळी थोड्या जास्त अश्रूंची अपेक्षा ठेवून बसले होते आणि त्याच्यापाशी देण्यासारखी ती एकच गोष्ट होती.

पुढे एका रात्री ओव्हरटाइम संपल्यावर मित्रांबरोबर तो पुन्हा प्यायला. विश्वासाच्या पहिल्या वर्षात असे घसरणे दुर्मीळ नाही. कोणा वडीलधाऱ्यापाशी कबुली द्यावी, प्रार्थना करावी, उठावे आणि पुन्हा चालू लागावे, एवढाच त्यावरचा उपाय. पण ज्याचा फोटो फलकावर आहे त्याने ही कबुली कोणाकडे द्यायची? तो यायचाच बंद झाला. मंडळीत लोक म्हणाले की सैतानाने हल्ला केला. सैतानाला विशेष कष्ट पडले असतील असे मला वाटत नाही, कारण त्याची बरीचशी तयारी आपल्याच समितीने करून ठेवली होती.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात नवशिक्याला अध्यक्षपद देऊ नये, नाही तर तो गर्वाने फुगेल, असे स्पष्ट लिहिलेले आहे. यावर कोणी तरी लगेच पौलाचे उदाहरण देते, की त्याने दिमिष्कात डोळे उघडताच सभास्थानांत येशूची घोषणा केली. केली, हे खरेच आहे. पण तो गमलिएल या नामवंत यहुदी गुरूच्या पायाशी बसून नियमशास्त्र शिकलेला माणूस होता, आणि त्यानंतर तो अरबस्तानात गेला, तीन वर्षांनी यरुशलेमेस आला, मग तार्सास गेला आणि त्याचा सहकारी बर्णबा शोधत येईपर्यंत तिथेच राहिला, हे सांगायला उदाहरण देणारे विसरतात. आपल्या शरणपूरच्याच शाळेत १९व्या शतकात गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना सुतारकाम, लोहारकाम आणि शास्त्र शिकवले जात असे. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट याने १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अंत्यविधीची प्रार्थना वाचली, झाडावर त्यांचे नाव कोरले, आणि मग सोबत्यांबरोबर त्यांचा देह कित्येक महिने चालून समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचवला. त्या मुलांना शिकायला अवधी मिळाला होता; आपण मात्र माणसाला बाप्तिस्म्याचे कपडे वाळायच्या आत व्यासपीठावर उभे करतो.

माझा रिवाज सांगते. तो नियम समजू नये. पहिले वर्षभर माइक नाही. साक्ष द्यावीशी वाटली तर ती एका माणसाला, समोरासमोर बसून द्यावी, आणि घरातल्या माणसाला खटकेल असे एकही वाक्य तिच्यात नसावे. वाचायला मार्काचे शुभवर्तमान, रोज थोडे, मोठ्याने. आणि मंडळीत ज्याचे आभार मानले जात नाहीत असे एखादे काम. तो तरुण दोन वर्षांनी परत आला तेव्हा शेवटच्या बाकावर बसला आणि उपासना संपल्यावर कोणी न सांगता सतरंज्या घडी करू लागला. टोकाला टोक जुळवून, झटकून, भिंतीशी एकावर एक नीट रचून तो घरी जातो. "बाई, मला फक्त बोलायला सांगू नका," एवढीच त्याची अट होती, आणि ती मी अजून पाळते.

काही लहान चुका, थोडक्यात

बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून, म्हणजे प्रकटीकरणापासून, वाचायला सुरुवात करू नये.

मंडळीत घालवलेल्या वर्षांवरून प्रौढता ठरवू नये. इब्री लोकांस पत्रात प्रौढ कोणाला म्हटले आहे, तर सरावाने ज्याच्या ज्ञानेंद्रियांना बरे-वाईट ओळखण्याची सवय झाली आहे त्याला. समितीवर किती वर्षे काढली, याचा तिथे उल्लेख नाही.

पवित्र आत्म्याने दिलेल्या वरदानांवरून तर प्रौढता मुळीच ठरवू नये. करिंथच्या मंडळीत कोणत्याही वरदानाची उणीव नव्हती, असे पौल पहिल्याच अध्यायात मान्य करतो, आणि तिसऱ्या अध्यायात त्याच मंडळीला हेवा आणि कलह यांच्यापायी बाळे म्हणतो. अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याने दिलेल्या अनोळखी भाषेत, तासभर प्रार्थना करणारा माणूस पार्किंगवरून शेजाऱ्याशी भांडत असेल तर त्याची नेमकी कोणती बाजू वाढली आहे, हे तपासावे लागते. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात विश्वासात सात्त्विकता, सात्त्विकतेत ज्ञान, ज्ञानात इंद्रियदमन अशी भर घालत बंधुप्रेमापर्यंत आणि शेवटी प्रीतीपर्यंत जाणारी माळ दिलेली आहे. आपल्याकडची घाई अशी की विश्वासावरून थेट प्रीतीवर उडी मारायची. मधले इंद्रियदमन किती कच्चे राहिले आहे ते द्वारका चौकातल्या वाहतुकीत संध्याकाळी सहा वाजता कळते.

दुसऱ्याच्या अनुभवाची तारीखवार नक्कल करू नये. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, पण तारणाची आंतरिक खात्री त्यानंतर अनेक वर्षांनी झाली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचे उलट घडले : नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या दुरावल्या, नंतर पतीकडे परतल्या तरी आपले सोवळे त्यांनी पाळले, आणि खाण्यापिण्यातला जातिभेद आधी मनातून गळून पडल्यावर मग त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोघींपैकी कोणाचा क्रम बरोबर, असे विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही.

नवस फेडला म्हणजे वाढ झाली, असेही धरू नये. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाल येशूच्या यात्रेला अवश्य जावे, मीही जाते. मात्र मागणे पूर्ण झाले हा देवाच्या दयेचा पुरावा असतो, आपल्या प्रौढतेचा नव्हे.

कोरड्या काळाला बिघाड समजणे

आता दुसरी मोठी चूक. वर्ष-दोन वर्षे उत्साहात गेल्यावर एक दिवस प्रार्थनेत रस वाटेनासा होतो, आवडते गीत म्हणताना ओठ हलतात आणि आत काही हलत नाही. अशा वेळी लोक जे करतात ते पाहून मला हात जोडावेसे वाटतात : कोणी मंडळी बदलतो, कोणी अंगावर घेतलेली सेवा सोडतो, कोणी एकदम चाळीस दिवसांचा उपास धरतो आणि सातव्या दिवशी पित्त घेऊन घरी झोपतो. एका भगिनीने अशाच काळात एकापाठोपाठ तीन मंडळ्या बदलल्या, आणि प्रत्येक ठिकाणी पहिले दोन महिने आत्मा तिथेच आहे असे ती मला फोनवर सांगत असे. तिसऱ्या महिन्यात फोन येणे थांबले की काय झाले ते मला कळायचे.

संत इग्नेशियस लोयोला यांनी १६व्या शतकात याबद्दल घालून दिलेला नियम अजून कोणी सुधारलेला नाही. मन उजाड असताना आधीच्या शांत काळात केलेला निश्चय बदलू नये. बदल करायचाच तर प्रार्थना थोडी वाढवावी. उजाडपणाची कारणेही ते तीन सांगतात : आपला स्वतःचा आळस, देवाने घेतलेली पारख, आणि समाधान हे आपल्या कमाईचे नसून देणगी आहे हे शिकण्याची गरज. पहिले कारण असेल तर ते आपल्याला माहीत असतेच. रात्री एकपर्यंत मोबाइल पाहणाऱ्याने पहाटेची प्रार्थना कोरडी का जाते, यावर सल्ला मागू नये. क्रूसाचे संत योहान यांची खूणही उपयोगी आहे : देवाच्या गोष्टींत रस नाही आणि जगाच्या गोष्टींतही नाही, तरी आपण देवापासून मागे पडत आहोत याची काळजी मनाला लागून राहिली आहे, असे असेल तर ते थंड पडणे नव्हे.

आमच्या वर्गात दिंडोरीकडचे एक द्राक्षबागाईतदार येतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात फळ देणाऱ्याच फाट्याची छाटणी होते, हे वाचल्यावर नव्या मुलांचे चेहरे पडले तेव्हा त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बाग बोडकी दिसते. पण पुढच्या हंगामाचे घड धरायचे ते त्यानंतर फुटणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांतच, बाहेरून काही दिसत नसताना. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ते बाहेर येतात, आणि माल हाती लागायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. "मे महिन्यात बागेकडे बघून कोणी बाग उपटत नाही," असे ते म्हणाले, आणि त्या दिवशी मला वेगळे शिकवावे लागले नाही.

कोरड्या काळात माझी रीत साधी असते. ठरलेली वेळ सोडायची नाही, मग ती पंधरा मिनिटांचीच का असेना. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रे मोठ्याने वाचायची. १३वे, ४२वे, आणि फारच जड वाटत असेल तर ८८वे, जे अंधारातच संपते आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. एका वडीलधाऱ्या माणसाला सांगून ठेवायचे, सगळ्या ग्रुपवर टाकायचे नाही. मंडळी, नोकरी, सोयरीक यांबद्दलचा कोणताही मोठा निर्णय हा काळ सरेपर्यंत घ्यायचा नाही.

आणि झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असे दोन-तीन आठवडे चालले असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही गाठायचा. नैराश्य आणि थायरॉइड यांना कोरडा काळ म्हणून अंगावर काढण्यात कोणतीही आत्मिकता नाही. याच काळात "विश्वास असेल तर गोळ्या कशाला?" असे विचारणारे हमखास भेटतात. त्यांच्या घरसभेत पुन्हा पाऊल टाकू नये, तिथली गीते कितीही सुरेख असली तरी.